आबांच्या आंघोळीचा सौदा

...आणि वर म्हणते कशी, "आवाजात मध ठेवा, सर!" मध! अहो, ज्या माणसाचा बाप ऐन दिवाळीत, अंगात स्वेटर, डोक्यावर टोपी, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात सुनेची, अशा थाटात दारात उभा राहून "हापूसची गाडी आली का?" म्हणून लिफ्टला विचारतोय, त्या माणसानं मध आणायचा कुठून? पण नाही! स्लाइडवर आलंय ना, मग ते खरंच असणार! स्लाइडवर काय, तर "वाद घालू नका, त्यांच्या जगात शिरा!" आणि खाली एका गोऱ्यागोमट्या, गुबगुबीत म्हातारीचा हसरा फोटो. तुम्हाला सांगतो, तसली म्हातारी मिळाली असती ना, तर आपणसुद्धा शिरलो असतो हो तिच्या जगात, बॅग घेऊन राहायलाच गेलो असतो! पण इथं गाठ होती हौसेरावांशी.

थांबा, आधी माणसं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कोणाबद्दल बोंबलतोय. जयप्रकाश म्हणजे आमच्या समोरच्या दाराचा. खारघरला एकाच मजल्यावर इकडं मी, तिकडं तो, मध्ये चपलांचे दोन रॅक. त्याच्या घरात जे बोलतात ते मला ऐकावं लागतं. मी काही मुद्दाम कान लावत नाही हां, बिल्डरनं भिंतीच तशा उदार मनानं बांधल्यात! आणि जे भिंतीतून येत नाही ते जयप्रकाश स्वतः दारातून येऊन सांगतो, चहा पितो आणि जातो. त्यामुळं त्याच्या पोटात काय चाललंय ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं.

आणि धंदा काय ह्या गृहस्थाचा? ऐका, ऐका. महाप्याच्या कंपन्यांमध्ये जाऊन लोकांना कसं बोलावं ते शिकवतो! कम्युनिकेशन ट्रेनर! बॉसशी कसं बोलावं, कस्टमरशी कसं बोलावं, नोकरीवरून काढताना समोरच्याला बढती मिळाल्यासारखं वाटेल असं कसं बोलावं... टाय लावून दिवसभर हेच! आणि संध्याकाळी घरी येऊन टाय सोडतो आणि बापाला म्हणतो, "आबा, आंघोळीला चला." आणि बाप वर बघतो आणि विचारतो, "तू कोन रं?" झालं! सगळं ट्रेनिंग तिथंच आडवं.

आबा म्हणजे हेच हौसेराव. मूळचे साताऱ्याकडचे, पण सगळी हयात फळबाजारात गेली, आधी मुंबईत आणि बाजार वाशीला आल्यावर वाशीत. आंब्याचे दलाल. पेटी न उघडता, नुसती नाकाजवळ नेऊन आत काय आहे ते सांगायचे, अशी ख्याती! आता त्याच माणसाच्या नाकासमोर सून ताट ठेवते आणि ते विचारतात, "ह्ये काय हाय?" डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया. सोसायटी म्हणाली, बदाम! हो, आमच्या सोसायटीत प्रत्येकाकडं औषध आहे. कोणी म्हणतं बदाम, कोणी म्हणतं अक्रोड, कोणी ब्राह्मी, आणि एक महाभाग म्हणाले, "त्यांना शब्दकोडी सोडवायला द्या." अहो, शब्दकोडं सोडवायला आधी शब्द तर शिल्लक राहायला हवेत ना!

बरं, विसरले तर विसरले. खरी अडचण झाली आंघोळीची. आबांनी आंघोळ बंद केली. पार बंद! जयप्रकाशनं हात धरला की बोंब, बादलीचा आवाज आला की बोंब, सदऱ्याच्या बटणाला हात लावला की सरळ हात उगारायचे. आणि त्यांचं तरी काय चुकलं सांगा? एक अनोळखी टकला माणूस रोज सकाळी येतो आणि गोड आवाजात म्हणतो, "चला, कपडे काढा." तुम्ही काढाल? मी तर पोलिसात जाईन!

आणि ह्या सगळ्याचा वास... म्हणजे बातमी हो, बातमी... पोचली पुण्याला. तिथं असते जयप्रकाशची धाकटी बहीण, गीतांजली. तिचा फोन. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण जयप्रकाशनं नक्कल करून दाखवली, "दादा, तुला जमत नाहीये हे मान्य कर ना. पनवेलच्या पुढं एक सेंटर आहे, मी बघून ठेवलंय. नर्स आहेत, गार्डन आहे, सगळं आहे. मी ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी येते. आबा असेच असले तर मी त्यांना घेऊन जाणार." गार्डन आहे म्हणे! जन्मभर पेंढ्यात आणि पेट्यांत राहिलेला माणूस, त्याला गार्डन कशाला, गवतावर हापूस शोधायला?

पण तुम्हाला सांगतो, ह्या फोननंतर तो माझ्या डायनिंग टेबलाशी येऊन बसला आणि रडला. कम्युनिकेशन ट्रेनर, पन्नाशीचा बाप्या, माझ्या बायकोनं केलेल्या चिवड्यासमोर बसून ढसाढसा रडला. म्हणाला, "इथं निदान रोज 'तू कोण' म्हणून विचारतात तरी. तिकडं गेले की विचारायचं पण सोडतील." मी चिवडा पुढं सरकवला. आणि सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज दाखवला... ती चूक माझी.

मेसेज काय, तर "स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांशी संवाद कसा साधावा, क्लबहाऊस, झुम्बा संपल्यावर." झुम्बा संपल्यावर! म्हणजे तिकडून घामाघूम बायका टॉवेलनं तोंड पुसत बाहेर येतायत आणि इकडून रात्र रात्र जागलेली माणसं जांभया देत आत जातायत. आत सोनल मॅडम. वय सत्तावीस-अठ्ठावीस, कानाला माइक, चेहऱ्यावर असं हसू की जणू आम्ही सगळे तिच्या लग्नाला आलोय. मी पण गेलो होतो, जयप्रकाशला धीर म्हणून. आणि सुरुवात! "मित्रांनो, वाद घालायचा नाही, त्यांच्या जगात शिरायचं!" शिरायचं म्हणे! तिथं काय रिक्षा जाते का? मीटरनं येतो का रिक्षावाला, की तिथं पण "वापस खाली आना पडेगा साब" म्हणतो?

आणि नियम तरी किती! प्रश्न एका वेळी एकच विचारायचा. वाक्य छोटं ठेवायचं. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं. हात हातात घ्यायचा. आणि "ओळखलंत का?" हे तर चुकूनसुद्धा विचारायचं नाही. आता हे मात्र मला पटलं हां, उगाच खोटं कशाला बोलू! आपल्याकडं पेशंटला भेटायला जातात की तोंडी परीक्षा घ्यायला? "आबा, ओळखलंत का? ओळखा बघू! अहो नीट बघा ना... नाही? अरेरे, बघा, मला पण विसरले!" आणि नापास करून, वर दोन बेसनलाडू खाऊन जातात. पुढचा येतो, तोच पेपर!

मग रोल-प्ले. सोनल मॅडमनी जयप्रकाशला म्हातारा केलं आणि स्वतः झाल्या मुलगी. "बाबा, आंघोळीची वेळ झाली, पाणी छान गरम आहे." जयप्रकाश म्हणाला, "तू कोन गं?" मॅडम हसल्या, हात हातात घेतला. जयप्रकाश म्हणाला, "हात सोड!" मॅडमनी मध ओतला. जयप्रकाश खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "माझी गाडी आलीय, मला जाऊ दे," आणि खरोखर दाराकडं चालायला लागला! शेवटी मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही थोडे को-ऑपरेट करा ना." अहो, हेच तर! हेच तर त्या बिचाऱ्याचं रोजचं रडगाणं आहे!

पण माणूस अडला की काहीही करतो. जयप्रकाश घरी गेला आणि सगळे नियम लावले. डोळ्यांच्या पातळीवर यायचं म्हणून आबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला. आबांनी त्याच्याकडं बघितलं, खिशात हात घातला आणि मीनाला, म्हणजे सुनेला, हाक मारली, "ए बाय, ह्याला काय तरी खायला दे गं. लांबनं आलेला दिसतोय." बापाच्या दारात भिकारी झाला पोरगा! पण नाही, वाद घालायचा नाही, त्यांच्या जगात शिरायचं! मीनानं त्याला पोळी आणून दिली, त्यानं खाल्ली.

मग आबांनी विचारलं, "गाडी आली का?" आता रोज जयप्रकाश म्हणायचा, "आबा, नोव्हेंबर चाललाय, हापूस नसतो आत्ता." आणि रोज भांडण व्हायचं. आज तो मध घोळवून म्हणाला, "आली, आबा." आली?! अरे मूर्खा! आबा ताडकन उठले. "मग बसलायस काय? उतरवायला मानसं बोलीव!" आणि निघाले. हा मागं, मीना मागं, मीनाच्या हातात पीठ. लिफ्टमधून खाली, खालून गेटवर. गेटवर नेमका उभा एक टेम्पो, कोणाचा तरी सोफा घेऊन आलेला. आबा त्या टेम्पोवाल्यावर ओरडतायत, "पेट्या उलट्या कुनी लावल्या रं?" टेम्पोवाला म्हणतोय, "चाचा, ये तो सोफा है." आबा सोफ्याचा वास घेतायत! आता काय करायचं? जयप्रकाश घाबरून म्हणाला, "आबा, ही आपली नाही. आपली घाटात अडकलीय." संपलं! आबा घरी आले, पण दिवसभर घाटात. "डायवर जेवला आसंल का? माल नासंल रं. कुनाला तरी धाड की." जेवले नाहीत, बसले नाहीत, नुसत्या येरझाऱ्या. एका खोट्याला दुसरं लावायचं, दुसऱ्याला तिसरं... शेवटी मीना म्हणाली, "गाडी तुम्ही आणलीत, आता खाली पण तुम्हीच करा. मी झोपते."

शिरला ना त्यांच्या जगात? आता बाहेर यायचा रस्ता कुठल्या स्लाइडवर आहे?

जयप्रकाशनं सोनल मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी घरीच येते सर, लाइव्ह दाखवते." आल्या. माझं दार उघडंच होतं, म्हटलं आपणही शिकावं. मीनानं टीपॉयवर चिकू ठेवलेले, पाहुणीला म्हणून. आबा खुर्चीत, खांद्यावर पंचा. मॅडम शेजारी स्टुलावर बसल्या, हलकेच आबांचा हात हातात घेतला. आणि तेवढ्यात आबांच्या खांद्यावरचा पंचा घसरून दोघांच्या हातांवर पडला.

तुम्हाला सांगतो, आबांचा चेहरा बदलला. इतके दिवस ती बघून न बघितल्यासारखी नजर, ती एकदम अशी बारीक झाली, धारदार. ओठांच्या कोपऱ्यात हसू. तोंडानं म्हणतायत, "यंदा थंडी जरा लवकरच पडली, न्हाय का?" आणि पंचाखाली काहीतरी चाललंय, पंचा हलतोय. मॅडमना तर हर्षवायू व्हायचाच बाकी! "बघा, बघा सर! ते रिस्पॉन्ड करतायत! माझी बोटं धरतायत! हे आहे कनेक्शन!" आणि भावनेच्या भरात त्यांनी आबांचा अख्खा पंजा घट्ट दाबला.

"दिली!" आबा गरजले. पंचा झटकला, खांद्यावर टाकला, आणि चिकूकडं बोट करून म्हणाले, "उचला बाई. समदा माल उचला. टेंपो बोलवा."

मॅडम म्हणतायत, "काय?" आबा म्हणतायत, "काय म्हंजी? सौदा झाला." मॅडम हसत हसत म्हणाल्या, "नको काका, मला चिकू आवडत नाहीत." झालं! आबांचा आवाज सगळ्या मजल्यानं ऐकला. "हात दाबून मागं सरतीस? उभ्या बाजारात असलं कुनी केलं न्हाय! कुनाच्या गाळ्यावरची हायस तू?" मॅडमनी शेवटी सगळे चिकू पर्समध्ये भरले आणि जवळजवळ पळतच लिफ्ट गाठली. लिफ्टचं दार बंद होता होता मला ऐकू आलं, "सर, वाद घालू नका..." पुढचं लिफ्ट घेऊन गेली.

आणि जयप्रकाश? तो दारात तसाच उभा. मग माझ्याकडं वळला आणि डोळे हे एवढे करून म्हणाला, "नंदूभाऊ, हत्ता! ते हत्ता करत होते!"

आता तुम्हाला हत्ता माहीत नसेल तर सांगतो. आंब्याच्या बाजारात ही जुनी रीत. माल समोर मांडायचा. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहायचे, दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि भाव बोटांनी करायचा. जितकी बोटं धरली तितका भाव. तोंडानं? तोंडानं हवापाण्याच्या गप्पा. भोवती दहा माणसं उभी असतात, पण रुमालाखाली काय चाललंय ते त्या दोघांशिवाय कोणाला कळत नाही. पंजा घट्ट दाबला की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी शब्द फिरवायचा नाही. आणि तिसऱ्यानं मध्ये तोंड घातलं की सौदा फिसकटला. लहानपणी जयप्रकाशला मे महिन्यात गाळ्यावर नेऊन बसवायचे, तेव्हा त्यानं हे हजारदा पाहिलेलं. पुढं टायवाला झाल्यावर ह्याच गोष्टीची त्याला लाज वाटायची. हा माणूस ट्रेनिंगमध्ये "मनात आहे ते स्पष्ट बोला" म्हणून शिकवतो, आणि बाप सगळी जिंदगी तोंडानं थंडी आणि बोटांनी हापूस!

दुसऱ्या दिवशी सकाळी जयप्रकाशनं टीपॉयवर काय ठेवलं असेल? पितळी तांब्या. माल समोर मांडायला हवा ना! मग आबांच्या पुढ्यात बसला, त्यांच्याच खांद्यावरचा पंचा ओढून दोघांच्या हातांवर टाकला आणि म्हणाला, "काय शेठ, यंदा फळ कमीच दिसतंय."

"कमीच," आबा म्हणाले. आणि पंचाखाली बोटं हलली.

जयप्रकाशनं आंघोळीच्या आठ तांब्यांपासून सुरुवात केली. आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की हा बाजारात नवा आहे का! दोन बोटं. हा सातावर आला. आबा दोनावर ठाम. "पोरंबाळं बरी हायत का?" "बरी आहेत शेठ." सहा. अडीच! अहो, अर्धा तांब्या कसा घालणार अंगावर? पण भाव म्हणजे भाव. आणि मध्येच मीना स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, पाणी गार होतंय!" आबांनी पंचा उडवला. "तिसरं कोन बोललं? जावा, न्हाय द्यायचं मला." त्या दिवशी आंघोळ नाही. मीनाला त्या दिवसापासून सौद्याच्या वेळी बाल्कनीत उभं राहायची शिक्षा.

पुढच्या सकाळी पाचावर तुटलं. पंजा दाबला, "दिलं!" आणि तुम्हाला सांगतो, जो माणूस बादलीच्या आवाजानं हात उगारायचा, तो स्वतःच्या पायानं उठला, बाथरूममध्ये गेला, सदरा स्वतः काढला आणि पाटावर बसला. का? तर सौदा झालाय! बाहेर मी, मीना, आम्ही श्वास रोखून. एक तांब्या... दोन... साबण लावला... तीन, चार... डोक्याला शाम्पू चोळला... पाच. आबा उठले! डोक्यावर हा एवढा फेस, कानात फेस, डोळ्यांत फेस आणि आबा टॉवेल मागतायत. जयप्रकाश म्हणतोय, "आबा, फेस राहिलाय!" आबा म्हणतायत, "पाचाचा सौदा हुता. फेस तुजा तू बघ." आता काय करता? तिथंच, ओल्या पंचाखाली, नवा सौदा! दोन उघडी माणसं... म्हणजे एक उघडा, एक भिजलेला... बाथरूममध्ये उकिडवं बसून हवापाण्याच्या गप्पा मारतायत! तिनावर तुटलं. एकूण आठच झाले बघा. पण आठ एकदम मागितले असते तर मिळाले नसते.

मग घराला हीच सवय लागली. गोळी घ्यायचीय? गोळी समोर, पंचा हातावर. जेवायचंय? पोळी समोर. मीना तर अशी तयार झाली की आबांना चार घासांवरून नवावर न्यायची, आणि वर आबा म्हणायचे, "बाई, तुमी लई घासता हो." मला स्वतःला एकदा त्यांनी माझाच पेपर विकला. आणि जयप्रकाश? तो बोटांनी जितका बोलायला लागला तितकं त्याचं तोंड कमी झालं... असं मला वाटलं होतं. पण सवय जाते का? सौद्यात सुद्धा "आबा, मला तुमची भावना समजतेय" असलं काहीतरी बोलायचाच. आबा म्हणायचे, "लई बोलतुस रं. हात सांभाळ."

पण "तू कोन रं?" हे काही सुटलं नाही. आंघोळ घालून, पावडर लावून, केस विंचरून झाले की आबा आरशात त्याच्याकडं बघायचे आणि विचारायचे. रोज! आणि मग तो माझ्याकडं चहाला यायचा आणि म्हणायचा, "काही नाही हो, सवय झाली." तोंडावरून तरी तसं दिसायचं नाही.

आणि आला तो रविवार. गीतांजली आली, गाडी खाली लावून, ड्रायव्हरला "थांब, वेळ लागणार नाही" सांगून. जयप्रकाशचा चेहरा पांढरा. आबा मात्र स्वच्छ, घडीचा सदरा, टोपी, खुर्चीत राजासारखे. ती आत आली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "आबा, ओळखलंत का?" घ्या! पेपर फुटलेला नाही अजून! आबा म्हणाले, "या ताई, बसा. च्या घ्या." ती माझ्याकडं बघते, मी चपलांच्या रॅककडं.

ती बसली. चेहरा पडला, पण ठाम होती. "दादा, आंघोळ घातलीयस, छान केलंस. पण हे तू किती दिवस ओढणार? मीनावहिनीचे डोळे बघ. तुझे बघ." आणि खुर्ची आबांच्या जवळ ओढून म्हणाली, "आबा, माझ्याबरोबर याल ना? मस्त जागा आहे." आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला. आबांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि अलगद हातांवर टाकला.

आता जयप्रकाशची खरी पंचाईत. कारण तिला ह्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं! पोरींना कोण कधी बाजारात नेतंय? आणि तिनं मायेनं हात दाबला की संपलं! आबा शब्दाचे पक्के. सौदा झाला की स्वतःच्या पायानं चालत जाऊन तिच्या गाडीत बसणार, आणि कोणाच्या बापाला थांबायचे नाहीत! मध्ये बोलावं तर तिसऱ्यानं बोलायचं नाही, आबा बिथरले तर तिला तेच हवं, "बघ, कसे करतात!" म्हणून न्यायला मोकळी. काय करणार बिचारा? नेमका त्या दोघांच्या समोर येऊन उभा राहिला. खांबासारखा. हात जोडल्यासारखे पुढं धरलेले, तोंड उघडं, आणि जन्मात पहिल्यांदा आवाज बंद.

आबा म्हणाले, "पुन्याला पाऊस बरा झाला का यंदा?" तिनं सांगितलं, "हो आबा." पंचा हलतोय. आबांची नजर बारीक. एकदा तिच्याकडं, एकदा समोर जयप्रकाशकडं, वरपासून खालपर्यंत. पंचा पुन्हा हलला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं दोन्ही हातांनी आबांचा पंजा घट्ट, घट्ट दाबला.

"दिला!" आबा म्हणाले.

जयप्रकाश मटकन खाली बसला. मीना बाल्कनीतून आत धावली. गीतांजली बावरून म्हणाली, "काय दिला, आबा?"

"ह्यो," आबांनी बोट केलं. "ह्यो काय, समोर मांडलाय त्यो."

आबा तिला समजावून सांगायला लागले, गिऱ्हाइकाला सांगतात तसं, आवाज खाली आणून. "कोन हाय, कुठला हाय, मला ठावं न्हाय बघा. बडबड लई करतोय. पर नासका न्हाय. रोज न्हाऊ घालतोय मला, आईनं घालावं तसं. आसा माल आता मिळत न्हाय, ताई." आणि मग एकदम व्यवहाराचं, "पर आज न्हेऊ नगा. उद्या माजी आंघूळ हाय. हितंच ऱ्हाऊ द्या त्याला."

गीतांजली हसायला लागली आणि हसता हसता अशी रडायला लागली की मीनानं आबांचाच पंचा तिला दिला. मग तिनं खाली ड्रायव्हरला फोन केला, "वर ये, जेवून घे. आबा येत नाहीयेत." आणि दादाच्या पाठीत एक धपका घालून म्हणाली, "दर शनिवारी येत जाईन मी, माझा माल बघायला. आणि आंघोळीचं ते काय ते मला पण शिकव."

आणि जयप्रकाश तसाच जमिनीवर, डोळ्यांच्या बरोबर पातळीवर! आयुष्यात बापाकडून पहिल्यांदा शाबासकी मिळाली, तीही दुसऱ्याला विकताना! पण राहवतंय का त्याला? पुढं सरकला, आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लहान पोरासारखं विचारलं, "आबा, कितीला दिलात हो मला?"

आबांनी त्याच्याकडं बघितलं. शांतपणे, दयेनं.

"गप ऱ्हा," म्हणाले. "मालानं भाव इचारायचा नसतो."